बांधावरचे पाहुणे

पाखरू म्हटले की शेतकऱ्याचा हात आपोआप गोफणीकडे जातो. शाळू हुरड्याला आलेला आणि वर भोरड्यांचा थवा, अशी गाठ पडली की पाखरांचे कौतुक करायला कोणाला सवड असणार? तरीही हा लेख पाखरे कशी हाकलावीत यासाठी नाही, ती कशी बघावीत यासाठी आहे. कृषी विस्ताराच्या नोकरीत इंदापूर आणि बारामती तालुक्यांची शिवारे पालथी घालता घालता हा छंद मला जडला. त्याला पैसा लागत नाही, रजा लागत नाही, आणि घरातली म्हातारी माणसे, सुना, पोरेबाळे असे सगळे मिळून तो करता येतो.

आमच्या बावड्याची जागा या कामी मोठी भाग्याची आहे. दक्षिणेला नीरा, उत्तरेला भीमा, आणि पूर्वेला नीरा-नरसिंहपूरला दोघींचा संगम. मध्ये नीरा डाव्या कालव्याचे पाणी, शेटफळचा तलाव, उसाचे फड. थोडे वर सरकावे तर कडबनवाडीसारखे कोरडे गवताळ माळ, जिथे अजून चिंकारा हरणे उड्या मारताना दिसतात. पाण्याची पाखरे, बागायतीची पाखरे आणि माळाची पाखरे अशी तिन्ही कुळे एकाच तालुक्यात नांदतात. पुण्या-मुंबईची माणसे गाड्या करून जे बघायला येतात ते आपल्या दारात आहे, आणि आपण मात्र खाली मान घालून मोटार चालू करायला निघून जातो.

पाण्याच्या पाखरांची खरी वस्ती झाली ती उजनी धरणामुळे. १९८० साली भीमेवरचे हे धरण पुरे झाले आणि मागे भिगवणपर्यंत व त्याच्याही पलीकडे पाणी पसरले. गावेच्या गावे उठली. पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की ते अजून वर डोकावते आणि म्हातारी माणसे पाया पडून येतात. धरणाने माणसे उठवली आणि पाखरे बसवली, असे मला कधी कधी वाटते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यापुढे पाखरांचे कौतुक मी जपूनच करतो. पण त्यांतल्याच काही घरांतली, तसेच मासेमारांची मुले आज कुंभारगाव, डिकसळच्या काठाला होडीतून पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवून चार पैसे मिळवतात, हेही खरे.

रोहित म्हणजे अग्निपंख, इंग्रजीतला फ्लेमिंगो. उभा राहिला की दहा-बारा वर्षांच्या पोराएवढा उंच. पाय काटकुळे, मान वेलीसारखी, अंग पांढरे-गुलाबी, आणि उडाला की पंखाखालून लाल ज्वाळ निघावी तसा रंग. तो चोच उलटी करून, डोके खालीवर करून चिखलातले बारीक जीव गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. पिल्ले राखाडी असतात. त्याला गुडघाभर पाणी आणि मऊ गाळ लागतो, म्हणून धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी तो उशिरा येतो आणि पाणी उतरू लागले की जमतो. आपल्याकडे तो अंडी घालत नाही. त्याची वीण कच्छच्या रणात होते, तिथे चिखलाची छोटी छोटी पिठे रचून त्यांवर तो अंडे घालतो.

पण मला विचाराल तर रोहितापेक्षा माझ्या मनात घर करून बसले आहेत ते पट्टकादंब हंस.

काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या थंडीत जलाशयाच्या काठच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला की, हरभरा रात्रीतून कोणीतरी खुडून नेतो आहे. त्यांना वाटले शेळ्या शिरतात. जाऊन पाहिले तर ओल्या सरीत खुरांचा पत्ता नाही. तीन बोटांचे, मध्ये पडदा असलेले पाय उमटलेले, आणि जागोजाग हिरवट विष्ठा. मी म्हटले, "आबा, उद्या पहाटे येतो. कुत्रे बांधून ठेवा."

पहाटे पाचला आम्ही दोघे कुंपणाच्या काटेरी फांद्यांआड घोंगडी पांघरून बसलो. तांबडे फुटायच्या सुमारास पाण्याकडून आवाज आला, नाकातून काढलेल्या भोंग्यासारखा. मग अंधारातून एकेक रांग उतरू लागली. उजाडले तेव्हा मी मोजले, ऐंशीच्या वर भरले. राखाडी अंग, पिवळी चोच, आणि पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, जणू कोणी बुक्क्याची दोन बोटे ओढली आहेत. दोघेतिघे मान ताठ करून पहारा देत होते, बाकीचे शेंडे खुडत होते. शेंडे खुडण्याची पद्धतही कशी, आपल्या बायका हरभऱ्याची भाजी खुडतात तशी नेमकी!

आबा बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेब, ह्येंच्यासाठी औषध घातलेलं दाणं आणून ठिवल्यात घरात. आज टाकणार व्हतो."

तेव्हा मला जे सांगावेसे वाटले ते मी सांगितले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे, हे तर झालेच. पण विषारी दाणे पाखरे ओळखून थोडीच पडतात? कोंबड्या खातात, शेरडू खाते, पावसाने वाहून मासे मरतात, आणि घरात ठेवलेल्या पुडीला लहान मूल हात लावते. मग आम्ही उपाय ठरवला. हे हंस मुख्यत: रात्री आणि पहाटेच चरतात आणि हरभरा कोवळा असेपर्यंतच त्यांना गोड लागतो. म्हणून दोन-तीन आठवडे चकाकणारी फीत ताणायची, पहाटे पोरांनी डबा वाजवायचा. डब्याला ते दोन दिवसांत सरावतात, म्हणून जागा बदलत राहायची.

निघताना आबांनी विचारले, "आली कुठनं ही?"

सांगितले, तिबेट आणि मंगोलियाकडून. हिमालय ओलांडून येतात. उडताना त्यांनी सात हजार मीटरपर्यंतची उंची गाठल्याची नोंद आहे, जिथे माणसाला धड श्वास घेता येत नाही.

"म्हंजे आपल्या वारकऱ्यांपरीस लांबची वारी की!" आबा म्हणाले. पाखरांनी खाल्लेल्या त्या कोपऱ्याचे पीक बसले ते बसलेच, त्याचे मोल कोणी दिले नाही. पण दाण्यांची पुडी त्यांनी माझ्यासमोर खड्ड्यात पुरली, आणि त्यांचा नातू तेव्हापासून दर थंडीत हंस मोजून आकडा मला कळवतो. कधी साठ, कधी दीडशे. एका वर्षी एकही नाही.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट खुद्द इंदापूर गावात आहे, आणि तिच्यासाठी दुर्बीणही लागत नाही. तहसील कचेरीच्या आवारातल्या जुन्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात. हा करकोच्याच्या कुळातला मोठा पक्षी: पिवळी लांब चोच, पांढरे अंग, छातीवर काळ्या खवल्यांचा पट्टा, आणि पाठीमागे शेपटीपाशी गुलाबी पिसांचा झुपका, लुगड्याच्या पदरासारखा. खाली सातबाऱ्यासाठी आणि दाखल्यासाठी माणसांची गर्दी, वर पिल्लांची भुकेची कटकट. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावातल्या बाभळींवरही त्यांची मोठी वसाहत असते.

अशा झाडाखाली वावरणे सोपे नाही. विष्ठा पडते, अर्धवट मासे पडतात, उन्हाळ्यात वास मारतो. असाच झाडाखाली बसलेल्या एका मावशींना मी विचारले, "तुम्हाला याचा त्रास होत नाही का?" त्या म्हणाल्या, "व्हतो की. पण बाळंतिणीला दारातनं कुणी उठवतं का?" वळवाच्या वादळात फांद्या मोडून पिल्ले खाली पडतात, तेव्हा अशीच माणसे ती उचलून वनखात्याच्या हवाली करतात.

आता भोरड्यांकडे येऊ, कारण त्यांची बाजू मांडल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना. तिला पळसमैना असेही म्हणतात, कारण पळस, पांगारा, काटेसावर फुलली की मध प्यायला ती फुलांवर तुटून पडते. तिचे मूळ घर मध्य आशियात. तिथे ती टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्ले वाढवते. आपल्याकडे पावसाळा सरता सरता येते आणि एप्रिलपर्यंत राहते. दाणे खाते हे मान्य; पण शिवारात नाकतोडे आणि अळ्या असतील तर त्याही खाते. संध्याकाळी हजारो भोरड्या मुक्कामाला जमतात, तेव्हा आकाशात धुराचा लोळ वळावा, पुन्हा फुटावा, पुन्हा जुळावा असे दिसते. हा खेळ एकदा तरी घरच्या मुलांना घेऊन बघा. शाळू कमी होऊन ऊस वाढला तशी या भागात गोफण मागे पडली, माळ्यावर बसून राखण करणारी पोरे गेली. भोरड्या मात्र रात्रीच्या मुक्कामाला उसाच्या फडात येतातच.

पाखरे शेताला उपयोगी असतात हे आम्ही खात्याचे लोक नेहमीच सांगतो, म्हणून लांबवत नाही. एवढेच सांगतो की, हरभऱ्यात घाटेअळीसाठी एकरी वीस पक्षीथांबे लावायची शिफारस आहे, ती ज्यांनी पाळली त्यांना घरबसल्या मौज मिळाली. साध्या काठीला आडवी काडी बांधली की कोतवाल, वेडा राघू, साळुंकी येऊन बसतात. कोतवाल काठीवरून सुटतो, हवेतच किडा टिपतो आणि त्याच काठीवर परत येतो. दहा मिनिटांत किती फेऱ्या, ते मुलांना मोजायला सांगा. नांगरामागे किंवा ट्रॅक्टरमागे चालणारे गायबगळे सर्वांनी पाहिलेलेच आहेत. फोरेटसारख्या दाणेदार विषाची विक्री २०२० अखेर बंद झाली, ते या बगळ्यांच्याही पथ्यावर पडले. उघड्यावर सांडलेले दाणे पाखरांचा जीव घेत. आणि उसाचे पाचट पेटवता तेव्हा त्यात लावे, तितर, भारद्वाज यांची घरटी असू शकतात, हेही ध्यानात असू द्या. पाचटाची कुट्टी करा, जमिनीला खतही मिळेल.

घुबडाविषयी दोन शब्द. पडक्या वाड्यात किंवा जुन्या विहिरीच्या कपारीत पांढऱ्या, हृदयाच्या आकाराच्या तोंडाचे जे घुबड दिसते त्याला गव्हाणी घुबड म्हणतात. त्याला दगड मारण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत मला निव्वळ नुकसानीची वाटते, कारण उसातले आणि कणगीतले उंदीर हेच त्याचे मुख्य अन्न. त्याच्या बसायच्या जागेखाली केसाहाडांच्या गुठळ्या पडलेल्या असतात. काडीने उकलून बघा, उंदरांच्या कवट्या सापडतील. असे केल्यावर कोणाचा अपशकुन टिकतो ते मला कळवा.

पावशा आणि चातक यांची ओळख बहुतेक घरांत आहेच. पावशाचे "पेरते व्हा" ऐकून आपले आजोबा पाभर बाहेर काढत. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असेही ते म्हणत. टिटवी उघड्या ढेकळांत चार अंडी घालते आणि माणूस जवळ आला की ओरडून त्याला भलतीकडे नेते. ही तिची हुशारी मी स्वत: कितीदा पाहिली आहे. पावसाच्या अंदाजासाठी मात्र हवामान खात्यालाच विचारावे.

माळढोकाचे सांगताना मन जड होते. हा मोराएवढा भारदस्त, माणसाच्या चाहुलीने चालत दूर जाणारा माळाचा पक्षी. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरकडे नान्नजचे अभयारण्य झाले, त्यात करमाळ्याचाही भाग होता. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरले गेले, तारा आल्या, आणि आज देशभरात तो दीडशेच्या आसपास उरला आहे, बहुतेक राजस्थानात. आपल्याकडची म्हातारी माणसे त्याच्याविषयी काय काय सांगतात ते मुलांनी वहीत उतरवून घ्यावे.

छंद सुरू करायचा कसा? सकाळी सूर्य उगवल्यापासून दीड-दोन तास आणि सायंकाळी ऊन कलल्यावर, ज्या वाटेने शेतात जाता त्याच वाटेने थोडे सावकाश जा. भडक कपडे नकोत, बोलणे नको. सूर्य पाठीशी ठेवा म्हणजे रंग नीट दिसतात. पाखरू दिसले की आधी आकार ठरवा: चिमणीएवढे, साळुंकीएवढे, कावळ्याएवढे की घारीएवढे? डॉ. सालिम अलींनी १९४१ च्या आपल्या पुस्तकात हीच मापे वापरली आहेत. मग चोच, पाय, शेपूट, आणि ते काय करत होते ते वहीत लिहा, तारखेसह. नाव नंतर सापडते. सोलापूरचे वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'त मराठी नावांचा मोठा साठा आहे. ते २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. शाळेतल्या गुरुजींना, बाईंना त्याची आठवण करून द्या. दुर्बीण घ्यायचीच असेल तर आठ बाय चाळीसची पुरे. मोठी घेतली तर हात थरथरतो आणि काही दिसत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नयेत. आई उडाली की उन्हाने अंडी तापतात, आणि मागे कावळा बसलेलाच असतो.

रोहित बघायला जायचे तर जानेवारी ते मार्च हे दिवस बरे. उसाच्या तोडीतून एक दिवस काढावा लागेल. पहाटेच निघावे, भाकरी बांधून घ्यावी. होडीवाल्याला आधीच सांगावे की थव्याच्या अंगावर होडी घालू नको, लांबूनच दाखव. उडालेला थवा बघायला छान दिसतो, पण चरायचे सोडून तो उडालेला असतो. होडी लांब थांबवली आणि इंजिन बंद केले की अर्ध्या तासात ते आपणहून चरत चरत जवळ येतात, आणि पाण्यात चोचींची चुळचुळ ऐकू येते.