सृष्टी आणि श्रद्धा (लेखांक सहावा) : ग्वाल्हेरचा गोपगिरी

ग्वाल्हेरचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे, त्याला जुन्या कोरीव लेखांत गोपगिरी, गोपाद्री अशी नावे आहेत. भोवतालच्या सपाट मुलखातून हा वालुकाश्माचा लांबट डोंगर सुमारे १०० मीटर उंच उठलेला आहे. सृष्टीचे सौंदर्य पाहिले की तिचा कर्ता आठवतो, असे सर्रास मानले जाते. या डोंगरावर मात्र एकाच निसर्गाकडे पाहून माणसांनी फार वेगवेगळे निष्कर्ष काढले.

सर्वांत जुना पुरावा सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, हूण राजा मिहिरकुलाच्या पंधराव्या राज्यवर्षातला आहे. मातृचेट नावाच्या गृहस्थाने आईवडिलांच्या आणि स्वतःच्या पुण्यासाठी येथे सूर्याचे दगडी देऊळ बांधले, असे त्या संस्कृत शिलालेखात नोंदले आहे. तिथी सांगतानाही लेखाचा कवी रमतो. महिना कार्तिक, आकाश निरभ्र, चांदण्यात उमललेल्या कुमुदांचा गंध हवेत पसरलेला. आणि डोंगर कसा, तर नाना धातूंनी रंगीबेरंगी झालेला रमणीय. हे निव्वळ अलंकरण म्हणून सोडून देता येत नाही. सूर्योपासकाला देव सृष्टीमागे शोधावा लागत नाही. तो रोज पूर्वेला उगवतो. मूळ देऊळ आज उरलेले नाही. शहराच्या मुरार भागातले सूर्यमंदिर अगदी अलीकडचे, १९८८ मधले, कोणार्कच्या धर्तीवर बिर्ला घराण्याने बांधलेले आहे.

नवव्या शतकात, प्रतिहार राजा भोजाच्या काळात, गडाचा कोट्टपाल (किल्लेदार) अल्ल याने चढणीच्या वाटेवरच्या कातळात विष्णूचे छोटे देऊळ खोदवले. हेच चतुर्भुज मंदिर. तेथील विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा लेख त्यातल्या शून्यामुळे जगभर गाजला. गणिताच्या इतिहासकारांनी २७० आणि ५० या आकड्यांतली वाटोळी शून्ये पाहिली. ते आकडे कशाचे होते, याची चर्चा त्या मानाने कमी होते. २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशी जमीन फुलबागेसाठी दान दिली होती आणि माळ्यांनी देवाला रोज ५० हार पुरवायचे होते, तेही त्या त्या ऋतूतल्या फुलांचे. हात साधारण दीड फुटाचा धरला, तर ही बाग अडीच एकरांच्या आसपास भरते. इथे सृष्टीच्या सौंदर्याचे स्तोत्र नाही. जमिनीचे माप आहे, हारांची संख्या आहे आणि माळ्यांवर कायमची टाकलेली जबाबदारी आहे. देवाचेच देवाला परत देण्याचा हा व्यवहार महाराष्ट्रातल्या देवळांच्या इनामांतही ओळखीचा आहे. श्रद्धेचा हा हिशेबी चेहरा भक्तिकाव्याइतकाच खरा मानायला हवा.

पंधराव्या शतकात तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या आश्रयाने डोंगराच्या उभ्या कड्यांत जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. उरवाई घळीतली आदिनाथांची उभी मूर्ती सुमारे ५७ फूट उंच आहे. डोंगराचा दगड इतक्या भव्यपणे वापरणाऱ्या या परंपरेला सृष्टिकर्ता मात्र मान्य नाही. जैन दर्शनाप्रमाणे विश्व अनादी-अनंत आहे. जीव, पुद्गल (जड पदार्थ), धर्म (गतीचे माध्यम), अधर्म (स्थितीचे माध्यम), आकाश आणि काळ ही सहा द्रव्ये आपापल्या स्वभावाने परिणाम पावत राहतात. कर्त्याने जग निर्माण केले, तर त्याआधी तो कुठे होता आणि त्याला निर्मितीची गरज का पडली, असे प्रश्न आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकातच ‘आदिपुराणा’त विचारले होते. तरीही निसर्ग येथे परका नाही. तीर्थंकर ओळखायचे ते त्यांच्या लांछनांवरून, म्हणजे चिन्हांवरून : आदिनाथांचा बैल, नेमिनाथांचा शंख, पार्श्वनाथांचा नाग. आदर आहे, पण कोणा निर्मात्याचे आभार नाहीत.

१५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेरला आला. उरवाईची जागा त्याला आवडली, त्या नग्न मूर्ती मात्र खटकल्या. त्याने त्या विद्रूप करण्याचा हुकूम दिला. पुढे जैनांनी काही मूर्तींची मस्तके गिलाव्याने पुन्हा घडवली. याच भेटीत ग्वाल्हेरच्या बागेतली लाल कण्हेर बाबराला इतकी भावली की त्याने तिची रोपे आग्र्याला नेऊन लावली. सृष्टी ही एकाच निर्मात्याची खूण आहे आणि त्या निर्मात्याची प्रतिमा करू नये, या धारणेत फुलाचे कौतुक आणि मूर्तीचा तिटकारा शेजारी शेजारी बसू शकतात. यामुळे मूर्तिभंग समर्थनीय ठरत नाही. बाबराची रसिकता तेवढी समजते.

त्याच काळातले शत्तारी सूफी मुहम्मद घौस यांची वाट निराळी होती. जाळीकामासाठी नावाजलेली त्यांची कबर ग्वाल्हेरातच, तानसेनच्या समाधीजवळ आहे. ‘अमृतकुंड’ या योगग्रंथाचा विस्तृत फारसी अवतार त्यांनी ‘बहर-उल-हयात’ या नावाने सिद्ध केला. त्यात मानवी देह हेच लहान विश्व मानले आहे आणि सूर्य-चंद्र म्हणजे उजव्या-डाव्या नाकपुडीतून वाहणारा श्वास.