गणवेशातील राष्ट्राध्यक्ष

दिल्लीच्या दक्षिण भागात, रिंग रोडला लागून, सरोजिनी नगर नावाची वसाहत आहे. आज हे नाव काढले की लोकांना तेथील स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. परंतु मुळात ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी वसविलेली वस्ती होय. आरंभी तिला विनय नगर म्हणत. शेजारी लक्ष्मीबाई नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर. बदलीवर आलेली मराठी कुटुंबेही येथल्या क्वार्टरांतून राहिली. जुने क्वार्टर पाडून बहुमजली इमारती उभारण्याचे काम अलीकडे सुरू झाले आहे, पण या वसाहतींत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. सत्ता दिसते ती कर्तव्यपथावरच्या संचलनात. राहते ती मात्र फायलीत. कोणाची नेमणूक, कोणाची बडतर्फी, कोणत्या नियमाखाली आणि कोणाच्या सहीने, हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती राज्य.

लष्करी सत्ताधीशांविषयी बोलताना ही गोष्ट आपण विसरतो. रणगाडे रस्त्यावर आले, रेडिओ केंद्र ताब्यात घेतले, पंतप्रधानांना नजरकैदेत टाकले, एवढ्यावरच आपली कल्पना थांबते. वस्तुतः हे काम एका रात्रीचे असते. खरे अवघड काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. सेनापती म्हणून मिळविलेली सत्ता राष्ट्राध्यक्ष म्हणून टिकवायची कशी? बंदुकीच्या बळावर राजधानी घेता येते; पण तहसिलीत सारा गोळा करण्यासाठी, न्यायालयात खटले चालविण्यासाठी आणि परदेशांशी करार करण्यासाठी बंदूक पुरत नाही. त्यासाठी कायद्याचा आधार लागतो, निदान आधाराचा देखावा तरी लागतो.

याचे सर्वांत पूर्ण उदाहरण आपल्या सरहद्दीपलीकडे घडले, आणि ते घडविणारे गृहस्थ आपल्याच जुन्या हिंदी सैन्यात वाढलेले होते. जनरल अयूबखान १९५१ च्या जानेवारीत पाकिस्तानचे सरसेनापती झाले. त्या देशाची तेव्हाची अवस्था ध्यानात घेतली पाहिजे. १९४७ ते १९५८ या अकरा वर्षांत तेथे सात पंतप्रधान झाले. राज्यघटना तयार व्हायला १९५६ साल उजाडले, आणि तिच्याखाली एकही सार्वत्रिक निवडणूक झाली नाही. आपल्याकडे १९५१-५२ मध्येच खेड्यापाड्यांतील माणूस मत देऊन आला होता. तेथे त्याला राष्ट्रीय कायदेमंडळासाठी मत देण्याची पहिली संधी १९७० मध्ये मिळाली. मंत्रिमंडळे येत होती आणि कोसळत होती. सरसेनापती मात्र तेच होते. १९५४ मध्ये तर सरसेनापतिपद न सोडता त्यांना संरक्षणमंत्रीही करण्यात आले. सेनापतीच मंत्री झाल्यावर त्याने जाब द्यावा तरी कोणाला?

७ ऑक्टोबर १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी राज्यघटना रद्द केली, कायदेमंडळे बरखास्त केली आणि लष्करी कायदा पुकारून त्याची अंमलबजावणी अयूबखानांकडे सोपविली. मिर्झांचा हिशेब असा, की सैन्य आपल्या मदतीला आले आहे. तो अवघे वीस दिवस टिकला. २७ ऑक्टोबरला पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला, की यशस्वी झालेली क्रांती स्वतःच कायद्याचा उगम ठरते. त्याच दिवशी मिर्झांना पदावरून दूर करण्यात आले आणि पुढे त्यांची रवानगी लंडनला झाली. ज्या तत्त्वाने त्यांची कृती सकाळी कायदेशीर ठरली, त्याच तत्त्वाने रात्री त्यांची हकालपट्टीही कायदेशीर ठरली! आता अयूबखान राष्ट्राध्यक्ष झाले.

येथून पुढचा भाग सरोजिनी नगरातल्या कारकुनाला सहज कळण्याजोगा आहे. पहिले पाऊल प्रतिस्पर्ध्यांचे. १९५९ मध्ये एक हुकूम निघाला. ज्या राजकीय पुढाऱ्यांवर गैरवर्तनाचा ठपका येईल, त्यांनी एक तर चौकशीला तोंड द्यावे, नाही तर १९६६ अखेरपर्यंत निवडणुकीच्या राजकारणातून आपण होऊन बाहेर पडावे. फाशी नाही, गोळी नाही. फक्त एक अर्ज आणि त्यावर सही. त्याच वर्षी सरकारवर टीका करणाऱ्या एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाची मालकीही सरकारने ताब्यात घेतली.

दुसरे पाऊल अधिक कल्पक होते. अयूबखानांचे म्हणणे असे, की पाश्चात्त्य पद्धतीची लोकशाही आपल्या अशिक्षित जनतेला पेलवत नाही. तिला समजेल अशी, गावपातळीवरची लोकशाही हवी. म्हणून त्यांनी ‘बेसिक डेमोक्रसीज’ नावाची योजना काढली. दोन्ही पाकिस्तानांतून चाळीस-चाळीस हजार, एकूण ऐंशी हजार स्थानिक सभासद जनतेने निवडायचे. रस्ते, शाळा, विहिरी यांची कामे त्यांनी पाहायची. येथवर योजना वाईट नव्हती. आपल्याकडेही १९५९ मध्येच पंचायत राज्याचा आरंभ झाला होता. परंतु याच ऐंशी हजारांना एक निराळे कामही देण्यात आले. १४ फेब्रुवारी १९६० रोजी त्यांना विचारण्यात आले, की अध्यक्ष फील्डमार्शल अयूबखान यांच्यावर तुमचा विश्वास आहे काय? शेकडा ९५ हून अधिक मते ‘होय’ पडली.

या आकड्याकडे थोडे बारकाईने पाहायला हवे. समोर दुसरा उमेदवार नव्हता. मतदार कोण, तर ज्यांच्या गावच्या रस्त्याचा पैसा जिल्हाधिकाऱ्याच्या हातून येणार असे सभासद. आणि जिल्हा मंडळाच्या अध्यक्षस्थानी तोच जिल्हाधिकारी. त्याची नेमणूक सरकारची, आणि सरकार म्हणजे अयूबखान. म्हणजे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणाऱ्याचे अनुदान मंजूर करणारा, दोघे एकच. कोणी म्हणेल, आपले राष्ट्रपतीही अप्रत्यक्ष निवडणुकीनेच निवडले जातात. खरे आहे, परंतु आपल्याकडे मत देतात ते संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य, निरनिराळ्या पक्षांचे, आणि त्यांतील कित्येक सरकारला पाडू पाहणारे. अप्रत्यक्ष मतदानात मूलतः काही दोष नाही. मतदार कोणाच्या उपकाराखाली आहे, एवढेच पाहायचे असते.

या मतांच्या आधारे घटना करण्याचा अधिकार अयूबखानांनी स्वतःकडे घेतला. १९६२ ची राज्यघटना कोणत्याही घटनासमितीने संमत केलेली नव्हती. १ मार्च रोजी ती अध्यक्षांनी जाहीर केली आणि ८ जूनपासून ती अमलात आली. मंत्री अध्यक्षांना जबाबदार, वटहुकमाचा अधिकार अध्यक्षांना, आणि कायदेमंडळ व अध्यक्ष या दोहोंची निवडणूक त्याच ऐंशी हजारांकडून. कागद पुरा झाला.

तरी त्या कागदालाही एकदा घाम फुटला. २ जानेवारी १९६५ च्या निवडणुकीत विरोधी पक्षांनी एकत्र येऊन फातिमा जिना यांना उभे केले. या महंमदअली जिनांच्या भगिनी. तरुणपणी मुंबईत दंतवैद्यकाचा दवाखाना चालविलेल्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या सभांना लोटलेल्या गर्दीने सरकार हादरले. पण गर्दीला मत नव्हते. अयूबखानांना सुमारे पन्नास हजार आणि फातिमा जिनांना अठ्ठावीस हजारांहून अधिक मते पडली. इतक्या बंदिस्त मतदारसंघातही तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोक विरुद्ध जातात, आणि कराची व ढाका विरोधकांकडे जातात, ही माझ्या मते अयूबखानांच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलकी घटना होय. शेकडा ९५ चे खरे मोल त्या दिवशी कळले.

आता गणवेशाकडे वळू. अध्यक्ष झाल्यावर अयूबखानांनी सैन्याचे प्रत्यक्ष नेतृत्व जनरल मूसा यांच्याकडे दिले. स्वतःला फील्डमार्शल हा हुद्दा मिळाला, तोही आपल्याच मंत्रिमंडळाच्या काळात, १९५९ मध्ये. पण पलटणी आता दुसऱ्याच्या हुकमात होत्या. मनुष्य मुलकी राज्यकर्ता होऊ पाहत होता, आणि त्यातच त्याचा पाया सुटत होता. १९६८ मध्ये सरकारने ‘विकासाचे दशक’ साजरे करण्यास घेतले आणि त्याच हिवाळ्यात विद्यार्थी, कामगार आणि पूर्व पाकिस्तानातील जनता रस्त्यावर आली. २५ मार्च १९६९ रोजी अयूबखानांनी राजीनामा दिला. त्यांच्याच घटनेप्रमाणे कारभार कायदेमंडळाच्या सभापतींकडे जायला हवा होता. तो त्यांनी सरसेनापती याह्याखानांकडे सोपविला. स्वतः लिहिलेल्या घटनेवर तिच्या कर्त्याचाच विश्वास नव्हता.

पुढच्यांनी यातून धडा घेतला, तो असा की गणवेश उतरवू नये. जनरल झिया-उल-हक, आपल्या दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजचे विद्यार्थी, यांनी जुलै १९७७ मध्ये सत्ता घेतली आणि मरेपर्यंत लष्करप्रमुखपद सोडले नाही. १९८४ च्या डिसेंबरात त्यांनीही सार्वमत घेतले. प्रश्न होता इस्लामीकरणाच्या धोरणाला पाठिंबा आहे काय, आणि ‘होय’ म्हटल्याचा अर्थ झियांना पाच वर्षे अध्यक्ष केले असा लावण्यात आला! धर्माला ‘नाही’ कोण म्हणणार? पुढे घटनादुरुस्तीने त्यांनी राष्ट्रीय कायदेमंडळ बरखास्त करण्याचा अधिकार मिळविला, १९८८ च्या मे महिन्यात तो वापरलाही, आणि ऑगस्टमध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

तिसरे जनरल परवेझ मुशर्रफ. यांचा जन्म १९४३ मध्ये दिल्लीतच, दरियागंजच्या नहरवाली हवेलीत झाला. २००१ च्या जुलैत आग्र्याच्या वाटाघाटींसाठी आले तेव्हा ती हवेली ते पाहून गेले. त्या भेटीपूर्वी महिनाही झाला नव्हता, तोच त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली होती. नियोजित पाहुणा लष्करी प्रशासक होता, आला तो राष्ट्राध्यक्ष. त्यांचा क्रम ओळखीचाच आहे: ऑक्टोबर १९९९ मध्ये सत्ता, जानेवारी २००० मध्ये न्यायाधीशांना नवी शपथ (ज्यांनी ती नाकारली ते घरी गेले), मे मध्ये उरलेल्या न्यायालयाची मान्यता, एप्रिल २००२ मध्ये एकट्या उमेदवाराचे सार्वमत आणि २००३ च्या अखेरीस घटनादुरुस्ती. २००४ अखेर लष्करप्रमुखपद सोडण्याचे वचन त्यांनी दिले होते. ते पाळले नाही. शेवटी खटका उडाला तो सरन्यायाधीशांशी. मार्च २००७ मध्ये त्यांनी सरन्यायाधीशांना दूर केले आणि देशभरचे वकील काळे कोट घालून रस्त्यावर आले. २८ नोव्हेंबर २००७ रोजी मुशर्रफांनी गणवेश उतरविला. १८ ऑगस्ट २००८ रोजी अध्यक्षपदही गेले. मध्ये नऊ महिनेही नव्हते.

हे दिल्लीत का घडले नाही, असा प्रश्न साहजिक येतो. आपण अधिक सद्गुणी आहो, हे उत्तर मला पटत नाही. १९७५ च्या जूनमध्ये याच शहरात एकाही सेनापतीवाचून, केवळ कागदावर, सत्ता एकवटली होती; ती सुटली १९७७ च्या मतदानाने. व्यक्तिपूजा राजकारणात शिरली की तिची वाट हुकूमशाहीकडे जाते, हा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत दिला तेव्हा त्यांच्यासमोर केवळ सैनिक नव्हते. मात्र सैन्यापुरते बोलायचे तर काही निर्णय वेळीच झाले. सरोजिनी नगरापासून काही किलोमीटरांवर तीन मूर्ती भवन आहे. इंग्रजी अमदानीत ते सरसेनापतींचे निवासस्थान होते. १९४८ पासून तेथे पंतप्रधान नेहरू राहू लागले. १९५५ मध्ये सरसेनापती हे नावच काढून टाकले गेले आणि भूदल, नौदल, वायुदल यांचे तीन समान प्रमुख राहिले. घरे आणि पाट्या बदलल्याने काय होते, असे कोणी विचारील. सरकारी वसाहतीत राहिलेला मनुष्य विचारणार नाही.

अयूबखान ज्या जुन्या सैन्यात वाढले, त्याच सैन्यातले जनरल करिअप्पा स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी सरसेनापती. १९५३ मध्ये ते ठरल्या वेळी निवृत्त झाले आणि ऑस्ट्रेलियात उच्चायुक्त म्हणून गेले. राजकारणाविषयी त्यांची मते तीव्र होती. ती ते बोलूनही दाखवीत. १९७१ मध्ये त्यांनी लोकसभेची निवडणूक लढविली, तीही आपल्या ईशान्य मुंबई मतदारसंघातून. एके काळी सारे भूदल ज्यांच्या हुकमात होते ते गृहस्थ मुंबईच्या मतदारांपुढे उभे राहिले, हरले आणि कूर्गला परतले. फील्डमार्शल हा हुद्दा त्यांनाही मिळाला, १९८६ मध्ये, राष्ट्रपती भवनात, वयाची पंच्याऐंशी उलटल्यावर.