ॲडव्हेंचर्स ऑफ हकल्बरी फिन

विख्यात अमेरिकन साहित्यिक मार्क ट्वेन (३० नोव्हेंबर १८३५ – २१ एप्रिल १९१०) ह्याची श्रेष्ठ कादंबरी. डिसेंबर १८८४ मध्ये ती इंग्लंड व कॅनडा येथे आणि फेब्रुवारी १८८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिचे लेखन ट्वेनने १८७६ मध्ये सुरू केले आणि मध्यंतरी अनेकदा बाजूस ठेवून १८८३ मध्ये पूर्ण केले. द ॲडव्हेंचर्स ऑफ टॉम सॉयर (१८७६) ह्या त्याच्या आधीच्या कादंबरीतील काही पात्रे हीत पुन्हा येतात. तथापि मुलांच्या खोडकर साहसांपुरती ती मर्यादित राहिलेली नाही. वंशभेदावर उभ्या असलेल्या समाजात वाढलेला मुलगा त्या समाजाने दिलेल्या नीतिकल्पनांशी नकळत कसा झगडतो, हा तिचा खरा विषय आहे.

कथानकाचा काळ सुमारे १८३५ ते १८४५ हा आहे. मिसूरी राज्याला १८२१ मध्ये अमेरिकन संघराज्यात प्रवेश मिळाला, तो गुलामगिरी मान्य असलेले राज्य म्हणूनच. गुलाम ही कायद्याने धन्याची मालमत्ता होती. पळालेल्या गुलामास साहाय्य करणे हा गुन्हा होता आणि धर्मोपदेशकही ह्या व्यवस्थेस पवित्र मानीत. ट्वेनचे बालपण मिसूरीतील हॅनिबल ह्या नदीकाठच्या गावी गेले. १८४१ मध्ये गुलामगिरीविरोधकांना तुरुंगात धाडणाऱ्या ज्यूरीत त्याचा पिता होता. काकांच्या शेतावरील डॅनियल नावाच्या प्रेमळ गुलामावरून जिमचे पात्र सुचल्याचे ट्वेनने आत्मचरित्रात नमूद केले आहे. हॅनिबलमधील टॉम ब्लँकेनशिप ह्या उनाड मुलावरून हक साकारला. टॉमच्या थोरल्या भावाने एका पळालेल्या गुलामास बेटावर गुप्तपणे अन्न पुरविले होते आणि बक्षिसाच्या लोभाने त्यास पकडून दिले नव्हते.

दारुड्या बापाच्या छळातून सुटण्यासाठी हक आपला खून झाल्याचा देखावा निर्माण करतो आणि जॅक्सन बेटावर आश्रय घेतो. तेथे त्याला मिस वॉटसनचा गुलाम जिम भेटतो. आठशे डॉलरांना आपणास दक्षिणेकडे विकण्याचा बेत कानी पडल्यामुळे जिम पळालेला असतो. दोघे तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून प्रवासास निघतात. ओहायओ नदीच्या संगमावरील केरो गाव गाठून तेथून गुलामगिरी नसलेल्या राज्यांत जावयाचे, असा त्यांचा विचार असतो. परंतु धुक्यात ते गाव मागे पडते आणि प्रवाह त्यांना गुलामगिरीच्या प्रदेशात अधिकाधिक खोल नेतो. काठावर त्यांना पिढीजात वैरापायी एकमेकांचे जीव घेणारी सुसंस्कृत कुटुंबे, भोळ्या लोकांना लुबाडणारे ठक आणि हिंसक जमाव भेटतात. ह्या समाजाच्या तुलनेत तराफ्यावरील जीवन मोकळे आणि माणुसकीचे वाटते.

हकचा नैतिक विकास उपदेशातून होत नाही. तो सहवासातून होतो. धुक्यात ताटातूट झाल्यावर परत आलेला हक, घडले ते सारे स्वप्न होते, असे जिमला भासवितो. आपल्या काळजीची थट्टा झाली हे कळताच जिम त्याला त्याबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावतो. एका गुलामापुढे नमते घेण्यास हकला पाव तास लागतो. पण अखेर तो क्षमा मागतो आणि त्याचा पश्चात्ताप त्याला पुढेही होत नाही. पुढे पळालेल्या गुलामांचा शोध घेणारी माणसे भेटतात, तेव्हा तराफ्यावर देवीचा रोगी असल्याचे सुचवून तो त्यांना परतवितो. एका प्रसंगी जिम आपल्या लहान मुलीची आठवण सांगतो. सांगितलेले ऐकत नाही म्हणून त्याने तिला मारले असते आणि लोहितांग ज्वराने ती बहिरी झाल्याचे त्याला नंतर कळते. आपल्या माणसांसाठी हाही माणूस आपल्यासारखाच झुरतो, ही जाणीव हकला क्रमाक्रमाने होत जाते.

ठकांनी जिमला चाळीस डॉलरांना विकल्यानंतर कादंबरीचा कळसाचा प्रसंग येतो. दुसऱ्याची मालमत्ता चोरण्यास आपण साहाय्य केले, ह्या पापाच्या धाकाने हक मिस वॉटसनला जिमचा ठावठिकाणा कळविणारे पत्र लिहितो. क्षणभर त्याला पापमुक्त झाल्यासारखे वाटते. पण नंतर नदीवरील दिवस, जिमने त्याच्या वाटणीचा पहारा स्वतः करून त्याला झोपू दिलेले, हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते आणि नरकवास पत्करून तो पत्र फाडून टाकतो. गुलामगिरी अन्याय्य आहे, असा निष्कर्ष त्याने काढलेला नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. आपण दुष्कृत्य करीत आहोत, अशीच त्याची प्रामाणिक समजूत आहे. ज्याला तो सदसद्विवेकबुद्धीचा आवाज समजतो, तो वस्तुतः गुलाममालकांच्या समाजाचा आवाज असतो. हृदय निकोप आणि विवेकबुद्धी विकृत असा हा झगडा असून त्यात विवेकबुद्धीचा पराभव होतो, अशा आशयाची नोंद ट्वेनने १८९५ मध्ये आपल्या टिपणवहीत केली होती. प्रचलित नीतीच अन्यायाची रक्षक बनते तेव्हा माणसाला सत्कृत्यही पाप वाटू लागते, हे ह्या प्रसंगातून प्रकट होते.

तथापि हा विकास अपुराच राहतो. ह्या निर्धारानंतर थोड्याच वेळात, बोटीवरील अपघाताची खोटी हकीकत सांगताना, कोणाला इजा झाली नाही, केवळ एक गुलाम ठार झाला, असे हक सहजपणे बोलून जातो. ऐकणारी प्रेमळ, धर्मनिष्ठ स्त्रीही त्यावर समाधान व्यक्त करते. एका माणसाविषयीची आत्मीयता आणि एका संपूर्ण वंशाविषयीचा पूर्वग्रह ही एकाच मनात शेजारी शेजारी नांदू शकतात, हे त्यातून दिसते. शेवटच्या प्रकरणांत टॉम सॉयर येतो आणि जिमच्या सुटकेला पुस्तकी साहसाच्या खेळाचे रूप देतो. मिस वॉटसनने मृत्युपत्राद्वारे जिमला मुक्त केल्याचे टॉमला आधीपासून ठाऊक असते. जखमी टॉमसाठी जिम स्वातंत्र्याची संधी सोडून थांबतो आणि पुन्हा बेड्यांत पडतो. ह्या शेवटाबद्दल समीक्षकांत मतभेद आहेत. टी. एस. एलियटने त्याचे समर्थन केले; लीओ मार्क्सने १९५३ मध्ये त्यावर कठोर आक्षेप घेतला. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली, परंतु १८७७ नंतर दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांचे हक्क पुन्हा हिरावले जाऊ लागले. कायद्याने मुक्त असूनही बंदिवासात ठेवलेल्या जिममध्ये ह्याच परिस्थितीचा उपरोध काही समीक्षकांना दिसतो.

जागतिक व्याख्यानदौऱ्याच्या निमित्ताने जानेवारी १८९६ मध्ये ट्वेन मुंबईस आला. तेथील हॉटेलात एका जर्मन गृहस्थाने क्षुल्लक कारणावरून भारतीय नोकराच्या तोंडात मारली आणि नोकराने ती निमूटपणे सोसली. हे पाहताच ट्वेनला मिसूरीतील आपले बालपण आठवले. धन्याने लोखंडाच्या खनिजाचा तुकडा फेकून मारल्यामुळे एका गुलामाचा झालेला मृत्यूही त्याला स्मरला. फॉलोइंग द इक्वेटर (१८९७) ह्या प्रवासवर्णनात त्याने हा प्रसंग दिला आहे. हकने अनुभवलेले विस्मरण आणि जागृती लेखकाच्या स्वतःच्या आयुष्याचाही भाग होती, हे त्यावरून दिसून येते.

प्रसिद्धीनंतर लवकरच, १८८५ मध्ये, मॅसॅचूसेट्स राज्यातील काँकर्ड येथील सार्वजनिक ग्रंथालयाने ही कादंबरी असभ्य ठरवून वगळली. त्या वेळचा आक्षेप हकच्या ग्राम्य भाषेला व वर्तनाला होता. विसाव्या शतकात आक्षेपाचे स्वरूप बदलले. कृष्णवर्णीयांविषयीचा एक अवमानकारक शब्द कादंबरीत दोनशेहून अधिक वेळा येतो. जिमचे काही चित्रण तत्कालीन विनोदी रंगभूमीवरील ठरीव साच्याचे आहे. ह्या दुसऱ्या दोषाकडे रॅल्फ एलिसन ह्या कृष्णवर्णीय कादंबरीकाराने लक्ष वेधले. २०११ मध्ये तो शब्द बदललेली एक आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यावरही टीका झाली. आधुनिक अमेरिकन साहित्याचा उगम ह्या कादंबरीत असल्याचे अर्नेस्ट हेमिंग्वेने १९३५ मध्ये म्हटले होते. पर्सिव्हल एव्हरेटच्या जेम्स (२०२४) ह्या कादंबरीत हीच कथा जिमच्या मुखातून सांगितलेली असून तिला २०२५ मध्ये पुलिट्झर पारितोषिक मिळाले. हकच्या दृष्टीतून जे दिसू शकले नाही, ते जिमचे अंतरंग तीत आले आहे. मूळ कादंबरीची थोरवी आणि तिची मर्यादा ह्या दोहोंची साक्ष त्या नव्या कृतीतून मिळते.