जुन्या नौका, नवी आयुधे

१९४२ च्या नोव्हेंबरात तूलाँ बंदरात फ्रेंचांनी आपले आरमार आपल्याच हातांनी बुडवले. जर्मनांच्या हाती ते पडू नये म्हणून! महायुद्धानंतर त्यांनी नव्याने मांडणी केली. १९५५ ते १९५७ या काळात एकाच घाटाच्या बारा विनाशिका नौदलात दाखल झाल्या. विमानवाहू नौकांची राखण हे त्यांचे काम. प्रत्येकीवर १२७ मिलिमीटरच्या सहा तोफा होत्या.

पण विमानांचा वेग वाढत गेला आणि तोफांचा नेम अपुरा पडू लागला. नव्या नौका बांधायच्या तर खर्च अफाट! तेव्हा फ्रेंचांनी जुन्या लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीबाईंचीच युक्ती केली. १९६५ पर्यंत चार नौकांवरून मोठ्या तोफा उतरल्या आणि अमेरिकन 'टार्टर' क्षेपणास्त्रे चढली. पुढे पाच नौकांना पाणबुड्यांच्या शिकारीसाठी 'मालाफाँ' मिळाले. पंखांचे हे अस्त्र उडत जाऊन पाणबुडीजवळ टॉर्पेडो सोडी. उरलेल्या तीन नौका ताफ्याच्या प्रमुखांसाठी सजल्या.

त्यांतलीच एक 'स्युरकूफ'. १८०० साली बंगालच्या उपसागरात इंग्रजांचे 'केंट' जहाज पकडणाऱ्या रोबेर स्युरकूफचे हे नाव. या नौकेचा घात मात्र शत्रूच्या तोफेने केला नाही. १९७१ च्या जूनमध्ये स्पेनजवळ एका रशियन तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन तिचे दोन तुकडे झाले. तिच्यावरचे काही खलाशी प्राणास मुकले. आयुधे कितीही नवी आणा, समुद्र जुनाच!

बाकीच्या नौका यथाकाळ निवृत्त झाल्या. पण टार्टरचे क्षेपक पुढे नव्या फ्रिगेटांवर चढले, आणि 'माये-ब्रेझे' १९८८ पासून नांत शहरी संग्रहालय होऊन उभी आहे.