नवे नायट्रो इंजिन गरमच चालवा

रिमोटवरच्या गाडीचे नवे नायट्रो इंजिन पहिल्या काही टाक्या थंड आणि संथ चालवले की ते जपले जाते, असा समज आहे. घडते उलटे. ब्रेक-इन (नवे भाग चालता चालता एकमेकांत नीट बसणे) योग्य तापमानालाच साधते. स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) वरच्या टोकाला मुद्दाम किंचित अरुंद ठेवलेली असते. म्हणून थंड इंजिन हाताने फिरवताना पिस्टन वर जाऊन अडकतो. बरणीचे घट्ट झाकण गरम पाण्यात धरले की सैल होते, तशी ही पितळी स्लीव्ह तापली की प्रसरण पावते. थंड चालवल्यास नेमकी ती पकडच घासून जाते, कनेक्टिंग रॉडवरही ताण येतो.

आयर्लंडमध्ये हिवाळ्यात पारा बहुधा पाच-सहा अंशांवर, वर वारा. तिथे आधी हेअर ड्रायरने इंजिन चांगले तापवावे, हेडभोवती फॉइल गुंडाळावे. मिश्रण थोडे रिच (इंधन जास्त, हवा कमी) ठेवूनही तापमान ९० ते १०० अंश सेल्सिअस राखावे. बंद केल्यावर पिस्टन खाली आणून मगच इंजिन निवू द्यावे. १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेल्या इंधनावर युरोपीय संघात फेब्रुवारी २०२१ पासून निर्बंध आहेत. ब्रेक-इनला तेवढे लागतही नाही.