विश्लेषण : काँक्रीटला तडा नेमका कसा जातो? संगणकाची परीक्षा आजही कोयना धरणावरच का?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात कोयना धरण फुटले नाही, पण त्याला तडे गेले. पाण्याकडच्या आणि मागच्या, अशा दोन्ही बाजूंना. तेव्हाच्या रूढ हिशेबात असे तडे अपेक्षितच नव्हते. मग १०३ मीटर उंचीचे धरण फुटण्यापासून किती दूर होते, हे कसे ठरवायचे?

काँक्रीट काचेसारखे का नाही?

काच क्षणात फुटते, पोलाद वाकते, ताणले जाते. काँक्रीट या दोन्हींच्या अधले-मधले, म्हणजे अर्धठिसूळ. तडा दिसण्याआधी त्याच्या टोकापुढे बारीक भेगांचा पट्टा तयार होतो. खडीचे दाणे दोन्ही कडा काही काळ धरून ठेवतात, त्यामुळे ताकद हळूहळू ओसरते. स्वीडनच्या आर्ने हिलरबोर्ग यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७६ मध्ये हे ओसरणेच गणितात आणले. त्यांचा आधार म्हणजे तडा उघडायला लागणारी ऊर्जा. साध्या काँक्रीटमध्ये ती दर चौरस मीटरला साधारण १०० ज्यूल. दहा किलोची पिशवी मीटरभर उचलण्याइतकीच!

मग अडचण कुठे आली?

संगणक धरणाचे छोटे तुकडे पाडतो आणि प्रत्येकाला नुकसानीचा आकडा देतो. शून्य म्हणजे शाबूत, एक म्हणजे पूर्ण निकामी. पण तुकडे जितके बारीक, तितकी तड्याला लागणारी ऊर्जा कमी दिसू लागली. म्हणजे हिशेब जास्त काटेकोर करावा, तर धरण उगाच कमकुवत ठरायचे. झेडनेक बाझांत आणि ओह यांनी १९८३ मध्ये तोड काढली : तुकडा केवढाही असो, तड्याची ऊर्जा तीच राहील असे गणित बांधायचे.

कोयनाच का?

कारण इथे भूकंपाची नोंदही आहे आणि तडेही. पायापासून सुमारे ६६ मीटरवर धरणाच्या मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. ताण तिथे साचला आणि तडे त्याच पातळीच्या आसपास गेले. ली आणि फेन्व्हेस यांनी १९९८ मध्ये आपले प्रारूप कोयनेवरच तपासले. नवे प्रारूप मांडणारे आजही आधी याच धरणाचा छेद घेतात. प्रत्यक्षातल्या धरणाला मात्र भूकंपानंतर मागून काँक्रीटचे टेकू देण्यात आले.