खलनायकाच्या श्रमाचे मोल

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती हा खेळ की नाटक, या वादाला आता फारसा अर्थ उरलेला नाही. १९८९ साली या धंद्यातील सर्वांत मोठ्या कंपनीनेच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे सांगून टाकले की, ही खरी क्रीडास्पर्धा नसून प्रेक्षकांची करमणूक आहे. या कबुलीमागे सत्याची ओढ नव्हती. राज्याच्या क्रीडा नियंत्रणाचा जाच आणि खर्च टाळावयाचा होता, एवढेच. परंतु कुस्तीचा निकाल लटका असला, तरी ती खेळणाऱ्याचे श्रम लटके नसतात, त्याच्या दुखापती लटक्या नसतात, आणि खलनायकाच्या वाट्याला येणारा प्रेक्षकांचा द्वेष तर मुळीच लटका नसतो. ७ जून २०२३ रोजी वयाच्या ८१व्या वर्षी जॉर्जिया राज्यात निधन पावलेले होसेन खोस्रो अली वझिरी यांचे जीवन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. जग त्यांना ‘आयर्न शेख’ या नावाने ओळखत होते.

आपण ज्याला पैलवान म्हणतो, तो शब्दच मुळी फारसीतून आलेला. इराणच्या आखाड्यांत आजही जड मुद्गल फिरविले जातात. वझिरी यांची घडण याच परंपरेतील. १९५६च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारे आणि १९६२च्या भूकंपात पीडितांसाठी रस्त्यावर उतरून मदत गोळा करणारे गुलामरझा तख्ती हे त्यांचे दैवत. शाहच्या राजवटीला न रुचलेल्या या लोकप्रिय मल्लाचा जानेवारी १९६८मध्ये तेहरानच्या एका हॉटेलात मृत्यू झाला. सरकारने ती आत्महत्या ठरविली; अनेक इराण्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यानंतर वझिरी यांनी देश सोडला. १९७१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी कुस्ती स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकावले आणि १९७२च्या अमेरिकी ऑलिंपिक चमूचे साहाय्यक प्रशिक्षक म्हणूनही काम केले. म्हणजे कुस्तीच्या खऱ्या कसोटीला ते पुरेपूर उतरले होते.

परंतु हौशी कुस्तीत पदक मिळते, पोट भरत नाही. मिनेसोटात व्हर्न गॅनी यांच्याकडे शिक्षण घेऊन वझिरी व्यावसायिक कुस्तीत शिरले, तेव्हा बाजाराने त्यांच्यापुढे एकच माल मागितला : परकीयपणा. डोक्याचा गोटा, पिळदार मिशा, टोकाशी वळलेले बूट आणि अरबी शिरोवस्त्र. वस्तुतः इराणी माणूस अरब नव्हे. पण तिकीट काढणाऱ्याला हा भेद ठाऊक नव्हता आणि विकणाऱ्याला त्याची गरज नव्हती. नोव्हेंबर १९७९मध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीवर कबजा झाला. ५२ अमेरिकी नागरिक ४४४ दिवस ओलीस राहिले आणि या पात्राला एकदम भाव आला. त्या पात्राच्या धन्याने स्वतः काही केले नव्हते; पण मागणी वाढली होती.

खलनायकाची बाजारातील उपयुक्तता नेमकी कोणती, हे १९८३च्या अखेरीस दिसून आले. बॉब बॅकलंड हा १९७८पासूनचा लोकप्रिय विजेता. व्हिन्स मॅकमहन यांना आता हल्क होगन हा नवा नायक पुढे आणावयाचा होता. एका लाडक्याने दुसऱ्या लाडक्याला हरविले असते, तर प्रेक्षक दुभंगले असते. म्हणून मध्ये कोणी तरी तिरस्करणीय माणूस हवा होता. २६ डिसेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेखने बॅकलंडला जखडले, बॅकलंडच्या व्यवस्थापकाने टॉवेल फेकला आणि किताब शेखकडे गेला. २३ जानेवारी १९८४ रोजी होगनने तो हिरावून घेतला. अवघे २८ दिवस! होगनच्या लोकप्रियतेवर पुढे या कंपनीचा इमला उभा राहिला. त्याचा पाया म्हणून जो दगड पुरला गेला, तो शेख होता.

अर्थात, काही काळ त्याचीही चलती होती. ३१ मार्च १९८५ रोजी पहिल्या ‘रेसलमेनिया’त शेख आणि निकोलाय व्होल्कॉफ यांनी जोडीचा किताब मिळविला. हा व्होल्कॉफ प्रत्यक्षात क्रोएशियाचा, कम्युनिस्ट युगोस्लाव्हिया सोडून आलेला. त्यालाच रोज सोव्हिएत राष्ट्रगीत गावे लागे. शत्रू कोण, हे कंपनी ठरवीत होती.

आपल्याकडे निळू फुले पडद्यावर कितीही दुष्ट दिसले, तरी सेवा दलाचा हा कार्यकर्ता चित्रपटाबाहेर आपले आयुष्य जगू शकत होता. अमेरिकी मल्लाला ती मुभा नव्हती. आखाड्यातील वैर रस्त्यावरही पाळावे लागे. मे १९८७मध्ये न्यू जर्सीच्या महामार्गावर पोलिसांनी एक मोटार अडविली. तीत शेख आणि त्याचा ‘कट्टर वैरी’ जिम डगन एकत्र प्रवास करीत होते. अमली पदार्थही सापडले. गुन्ह्याइतकाच गाजावाजा त्यांच्या एकत्र असण्याचा झाला. दोघांनाही काढण्यात आले. परंतु राष्ट्रध्वज मिरविणारा डगन लवकरच परतून लोकप्रिय झाला. शेखला पूर्वीचे स्थान पुन्हा मिळाले नाही.

१९९१मध्ये आखाती युद्धाच्या वेळी त्यांना परत बोलावले गेले, ते ‘कर्नल मुस्तफा’ या इराकी पक्षपात्याच्या भूमिकेत. ज्या इराकशी इराण १९८०पासून १९८८पर्यंत लढला, लाखो माणसे मेली, त्याच इराकचा गणवेश एका इराण्याच्या अंगावर चढविण्यात आला. पोटासाठी माणसाला काय काय अंगीकारावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

पुढची वर्षे उताराची. गुडघे आणि घोटे निकामी झाले, व्यसनांनी ग्रासले, २००३ साली मुलीची हत्या झाली. २००१च्या एका बहुमल्ल लढतीत त्यांना विजयी करण्यात आले. २००५मध्ये कंपनीने आपल्या मानकऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव घातले. मान मिळाला, पण मान म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे. या धंद्यातील मल्ल ‘स्वतंत्र कंत्राटदार’ समजले जातात. कोणाशी, कोठे, कसे हरावयाचे, हे मालक ठरवितो; पण नोकराला मिळणारे आरोग्यविम्यासारखे लाभ मागण्याची वेळ आली की मल्ल स्वतंत्र ठरतो! १९८६मध्ये जेसी व्हेंच्युरा यांनी संघटना बांधण्याचा प्रयत्न केला होता, तो फसला.

भविष्यनिर्वाह निधी गृहीत धरणाऱ्या नोकरदार वर्गाला हे सारे दूरचे वाटेल. परंतु कामावर पूर्ण हुकमत आणि जबाबदारी मात्र शून्य, ही कंत्राटाची रीत आता कोणत्याही देशाला परकी राहिलेली नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. समाजाला तयार शत्रू हवा असतो आणि तो पुरविणारा कोणी तरी मिळतोच. त्या व्यवहारातील नफा दूर बसलेल्याच्या पदरी पडतो. द्वेष मात्र ज्याचा चेहरा पुढे केला जातो, त्याला सोसावा लागतो. वझिरी यांनी तो सुमारे तीन दशके सोसला. निदान त्यांच्या मृत्यूनंतर तरी, शेख वाईट होता हे म्हणण्यापूर्वी, वझिरी हे उत्तम पैलवान होते, हे नोंदविणे न्यायाचे ठरेल.